केस उतरवल्यानंतर: १०८ आणि कॅज्युअल्टीतील कामाचा ताण कसा हाताळावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रुग्णवाहिकेला रुग्णवाहिका म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो, "एकशे आठ आली का?" असेच विचारले जाते. कर्नाटकात ही सेवा 'आरोग्य कवच' या नावाने २००८ साली सुरू झाली. गाडीत माणसे दोनच: मागे रुग्णापाशी ईएमटी (आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ) आणि पुढे गाडी चालवणारा पायलट. पुढील मजकूर या दोघांसाठी, सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, सांभाळणाऱ्या सिस्टर व वॉर्डबॉय यांच्यासाठी आणि या सर्वांच्या पाळ्या लावणाऱ्या वरिष्ठांसाठी आहे. मी स्वतः काही वर्षे खानापूर भागात ईएमटी म्हणून काम केले आहे. जे करून पाहिले तेच प्रामुख्याने सांगतो, आणि जेथे शास्त्राचा आधार आहे तेथे तो देतो.

बाहेरच्या माणसाला वाटते की रक्त आणि मृत्यू पाहून आम्ही खचत असू. तसे होतेही, परंतु त्याची निदान तयारी तरी प्रशिक्षणात करून घेतलेली असते. माणसाला आतून पोखरतात त्या केसच्या अवतीभवतीच्या गोष्टी: सकाळी आठला यायचा रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) दहा वाजले तरी न येणे, मोठ्या दवाखान्यात खाट रिकामी नाही म्हणून आपले स्ट्रेचर तासभर तेथेच अडकून पडणे, उतरवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे कधीच न कळणे, आणि महिन्याच्या दहा तारखेलाही पगाराचा मेसेज न येणे. सीमाभागात यात आणखी एक भर पडते. महाराष्ट्रात २०१४ पासून चालणाऱ्या १०८ सेवेत गाडीवर डॉक्टर असतो, आणि ज्यांचे अर्धे पाहुणे कागल-गडहिंग्लजकडे आहेत असे नातेवाईक तोंडावर विचारतात, "तिकडं डॉक्टर येतोय, तुमच्यात का नाही ओ?" ही रचना ईएमटीने ठरवलेली नसते, पण बोलणी त्यालाच खावी लागतात. म्हणून ताणावरचे उपायही मुख्यतः या अवतीभवतीच्या गोष्टींत शोधावे लागतात, असे माझे मत आहे.

आधी ताणाला नाव द्यावे

'बर्नआऊट' हा शब्द हल्ली कोणत्याही कंटाळ्याला लावला जातो. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये सेवाभावी दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या संदर्भात तो मांडला, आणि पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये त्याचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार करताना त्याच्या तीन बाजू वेगळ्या केल्या: भावनिक थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआऊट हा आजार नसून, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळला गेल्याने उद्भवणारी कामाशी निगडित अवस्था आहे, असे नमूद केले. हे वाक्य वरिष्ठांना दाखवण्याजोगे आहे, कारण त्यातून दुरुस्तीची निम्मी जबाबदारी कामाच्या ठिकाणावर येते.

स्वतःला तपासण्यासाठी आठवड्याच्या सुटीच्या दिवशी वहीत तीनच ओळी लिहाव्यात. पहिली ओळ, या आठवड्यात झोपून उठल्यावर ताजेतवाने किती दिवस वाटले. दुसरी, रुग्णाला मनातल्या मनात काय म्हटले. 'काकी', 'आज्जी', 'तो पोरगा' असे म्हटले की 'पॉयझन', 'पिऊन पडलेला', 'परत तोच' असे म्हटले. तिसरी, या आठवड्यात आपल्या हातून नीट झालेले एक काम. तिसरी ओळ सलग तीन-चार आठवडे कोरी राहू लागली, तर थकवा कितीही कमी वाटत असला तरी सावध व्हावे. कोरडेपणाची ओळ फसवी असते, कारण तो आला की काम सोपे वाटू लागते. मी स्वतः एके काळी त्यालाच अनुभव समजत होतो.

केस उतरवल्यानंतरचा अर्धा तास

या कामातील सर्वांत दुर्लक्षित वेळ म्हणजे रुग्णाला दवाखान्याच्या ताब्यात दिल्यापासून गाडी पुन्हा आपल्या ठिकाणावर येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास. या वेळेत काय केले जाते, यावर ती केस मनात किती दिवस राहील हे बरेचसे ठरते.

एक प्रसंग सांगतो. उसाचा हंगाम होता. रात्री साडेअकराच्या सुमारास रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीला मागून धडकलेल्या दुचाकीवरील बाईंना आम्ही बेळगावला पोहोचवले. कागदपत्रांवर सह्या झाल्या आणि लगेच पुढचा कॉल आला. पहाटे चारला गाडी धुताना स्ट्रेचरच्या पट्ट्याखाली एक चप्पल सापडली, डाव्या पायाची, अंगठ्याला निळ्या दोऱ्याने शिवलेली. कोणाची ते दोघांनाही ठाऊक होते. पायलट ती फेकेना आणि परतही नेऊन देईना. आठ दिवस ती डॅशबोर्डवर होती. त्या आठ दिवसांत आम्ही दोघे एकमेकांशी त्या केसबद्दल एक शब्दही बोललो नाही. नवव्या दिवशी मी त्या वॉर्डातील ओळखीच्या सिस्टरना फोन केला, तेव्हा कळले की बाई शुद्धीवर आहेत आणि पायाचे ऑपरेशन झाले आहे. पायलटने चप्पल पिशवीत घातली आणि पुढच्या फेरीत पोहोचवली.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली, ती येथे सविस्तर सांगतो. रुग्ण उतरवला की गाडीत बसण्याआधी दोघांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत आणि घोटभर पाणी प्यावे. पावसाळ्यात भीमगडच्या जंगलातील वाड्यांतून लोकांनी खांद्यावर उचलून आणलेला रुग्ण घेताना तर आपणही चिखलाने माखलेले असतो. त्यानंतर गाडीची सफाई घाईने उरकू नये. रक्त सांडलेल्या जागी एक टक्का हायपोक्लोराइट हे जंतुनाशक टाकून ते निदान दहा मिनिटे तसेच ठेवावे लागते. ही दहा मिनिटे विनाकारण मिळालेली विश्रांती समजून दोघांनी बाहेर उभे राहावे. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णानंतर दारे-खिडक्या उघडून वास पूर्ण जाऊ द्यावा, कारण तो वास डोके जड करतोच, शिवाय पुढे कित्येक दिवस ती केस आठवून देतो. सफाई झाल्यावर ऑक्सिजनचा दाब पाहावा, वापरलेले सामान भरावे. हातांना ठरलेले काम मिळाले की मन हळूहळू खाली बसते.

बोलण्याच्या बाबतीत मात्र एक समजूत दुरुस्त करायला हवी. वाईट घटना घडली की सर्वांना एका खोलीत बसवून प्रत्येकाकडून घटना वदवून घेण्याची पद्धत जेफ्री मिशेल यांनी १९८३ मध्ये आपत्कालीन सेवकांसाठी मांडली होती, आणि काही उत्साही अधिकारी आजही तसे करू पाहतात. परंतु पुढे झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात, अशा एकाच सक्तीच्या बैठकीने आघातोत्तर मानसिक त्रास टळतो असे दिसून आले नाही. म्हणून कोणालाही बोलायला भाग पाडू नये. त्याऐवजी सहकाऱ्याची अवस्था पाहावी, तो बोलला तर मध्ये न तोडता ऐकावे, आणि गरज दिसली तर त्याला योग्य माणसाशी जोडून द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही पाहणे, ऐकणे आणि जोडणे हीच त्रिसूत्री आहे. आमच्याकडे हे सहसा चहाच्या टपरीवर होते. "जेवलास काय?" एवढा प्रश्नही पुरतो, कारण त्याचे उत्तर कोणत्या स्वरात येते त्यावरून बरेच काही कळते.

शेवटची गोष्ट म्हणजे खबर. दोघांच्या मिळून एका वहीत ज्या केस मनात राहिल्या तेवढ्यांचीच तारीख आणि एक खूण लिहावी, रुग्णाचे नाव लिहू नये. आणि आठवड्यातून एकदा वॉर्डात विचारून पुढे 'बरे', 'घरी गेले', 'वारले', 'पुढे हलवले' एवढेच नोंदवावे. विचारताना रुग्णाची बाकी माहिती मागू नये, आणि ही वही व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवू नये. 'वारले' हे उत्तर मिळाले तरी ते काहीच न कळण्यापेक्षा बरे असते, असा माझा अनुभव आहे.

झोप, चहा आणि उसाचे ट्रॅक्टर

बारा तासांची रात्रपाळी, त्यात रिलीव्हर उशिरा, आणि मग दुचाकीवरून तीस किलोमीटर घरी. या क्रमातील सर्वांत धोक्याचा भाग शेवटचा आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया देण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले होते. मोटार वाहन कायद्याने आपल्याकडे चालकासाठी घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दिवसभर घरकाम किंवा शेती करून रात्रपाळीला आलेला पायलट पहाटे कायद्याच्या मर्यादेबाहेर गेलेल्या माणसासारखा असतो, फक्त त्याच्या तोंडाला वास येत नाही.

उपाय साधे आहेत, पण ते आधीच ठरवावे लागतात. रात्रपाळीच्या दिवशी दुपारी किमान दीड तास झोप घ्यावी, आणि ही झोप घरातील सर्वांनी मान्य केलेली असावी. पायलटचा मुलगा शाळेतून येऊन हाका मारणार असेल तर ती झोप होत नाही. पाळीत कॉल नसताना वीस मिनिटांची डुलकी घ्यावी. याहून लांब झोपल्यास अचानक उठवल्यावर पाव ते अर्धा तास डोके जड राहते, आणि त्याच अवस्थेत वाहन चालवावे लागते. चहा रात्री दोनपर्यंतच घ्यावा. शरीरातील कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागत असल्याने चारच्या चहाची निम्मी तरतरी सकाळी नऊला अंथरुणावरही उरते. पहाटे दोन ते पाच हा वेळ शरीराच्या घड्याळाचा तळ असतो, म्हणून त्या वेळेत औषधाचे प्रमाण काढताना दोघांनी मोठ्याने उच्चारून पडताळावे. सकाळी घरी जाताना डोळ्यांवर काळा चष्मा लावावा, म्हणजे ऊन पाहून शरीराला दिवस उजाडल्याचा निरोप मिळत नाही. मात्र पेंग येत असेल तर चष्म्यासकट दुचाकी बाजूला ठेवून बसने जावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी या भागांत ऊस वाहणाऱ्या दुहेरी ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात, आणि चोर्ला किंवा अनमोड घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर धुके असते. या काळात पायलटवर कॉलची वेळ गाठण्यासाठी दबाव टाकू नये. ईएमटीने पुढच्या खिडकीतून "सावकाश जाऊ या" असे एकदा म्हटले, तरी त्याच्या खांद्यावरचे ओझे निम्मे होते.

दोन भाषा, एक रुग्ण

सीमाभागातील ताणाचा एक भाग भाषेचा आहे, आणि तो राजकारणात न नेता कामाच्या पातळीवर सोडवता येतो. रात्री दोनला घाबरलेली सासू मराठीत बोलत असते, नियंत्रण कक्षाकडून माहिती कन्नडमध्ये आलेली असते, फॉर्म इंग्रजीत भरायचा असतो, आणि कॅज्युअल्टीतील नवीन डॉक्टर तिसऱ्याच जिल्ह्यातून आलेले असतात. अशा वेळी झालेली चूक आपल्या मनाला दुहेरी लागते. मराठी घरातून आलेल्या सेवकांनी उत्तर कर्नाटकाच्या बोलीतील वीस-पंचवीस शब्द पक्के करावेत: 'एदी नोवु' म्हणजे छातीत दुखणे, 'हेरिगी नोवु' म्हणजे बाळंतवेणा, 'हावु कडदैति' म्हणजे साप चावला आहे. त्याचप्रमाणे कन्नड घरातील सहकाऱ्यांना 'कळ येते', 'जीव घाबरा होतो', 'अंग मोडून आलंय' या शब्दांचा नेमका अर्थ समजावून द्यावा, कारण 'जीव घाबरा होणे' याचे भाषांतर भीती असे झाले तर हृदयविकाराची केस हातची निसटू शकते.

रुग्ण सोपवताना प्रत्येक वेळी एकच क्रम ठेवावा: वय, घटना केव्हा झाली, कशी झाली, काय आढळले, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजन किती, आणि आपण काय केले. हे अर्ध्या मिनिटात सांगावे आणि ऐकणाऱ्याकडून शेवटचे आकडे परत म्हणवून घ्यावेत. असे केल्यावर परतीच्या वाटेवर 'मी सांगितले होते का?' हा प्रश्न छळत नाही. चप्पलवाल्या बाईंच्या वेळी मला हेही छळत होते, ते वर सांगायचे राहिले.

जमाव अंगावर आल्यास

याबद्दल थोडक्यात. गाडी उभी करताना तोंड नेहमी बाहेर जाण्याच्या दिशेला ठेवावे, वाद घालणाऱ्यांपैकी वडीलधाऱ्या एकाला काम द्यावे, जसे की सलाईनची बाटली धरणे किंवा रस्ता मोकळा करणे, आणि धोका दिसल्यास मागे सरकून पोलिसांची वाट पाहावी. वैद्यकीय सेवकांवरील हिंसा आणि दवाखान्याच्या मालमत्तेची नासधूस रोखण्यासाठी कर्नाटकात २००९ चा स्वतंत्र कायदा आहे. मारहाण झाली असल्यास त्याच रात्री लेखी नोंद करावी व तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. "जाऊ दे की, घरचं माणूस गेलंय त्यांचं" असे म्हणून गप्प बसण्याची सवय आपल्याकडे फार आहे; त्यातील करुणा खरी असली तरी मार खाणे हा नोकरीचा भाग नव्हे.

पाळ्या लावणाऱ्यांसाठी

समाधानाबद्दल बोलताना वरिष्ठ अनेकदा सत्कार आणि प्रमाणपत्रे यांचाच विचार करतात. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो: पगार, सोयी आणि नियम यांत खोट असली की असमाधान निर्माण होते, परंतु त्या नीट केल्याने केवळ असमाधान जाते, खरे समाधान कामातून, त्यात वाढत जाणाऱ्या कौशल्यातून आणि मिळणाऱ्या ओळखीतून येते. मी स्वतः एका ठेकेदाराकडे असताना सलग दोन महिने पगार थकला होता, आणि त्याच काळात आम्हाला एका कार्यक्रमात फुलांचा गुच्छ मिळाला. तो गुच्छ गाडीतच सुकला.

म्हणून क्रम उलटा करू नये. पाळ्यांचा तक्ता निदान पंधरा दिवस आधी लावावा आणि बदल करायचा असल्यास फोन करून विचारावे. रिलीव्हर आला नाही तर कोणाला बोलवायचे हे लिहून ठेवावे, म्हणजे थकलेल्या माणसाला स्वतःच विनवण्या कराव्या लागत नाहीत. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवल्याप्रमाणे, कामाचा बोजा मोठा आणि त्यावर आपले नियंत्रण कमी, ही जोडी सर्वांत ताणदायक असते. बोजा कमी करणे अनेकदा हातात नसते, नियंत्रण वाढवणे बहुतेक वेळा असते. दोघांनी कोणाबरोबर जोडीने काम करायचे, सुटी कोणत्या वारी घ्यायची, गाडीतील सामान कसे लावायचे, एवढे जरी त्यांच्यावर सोपवले तरी फरक दिसतो. महिला ईएमटीसाठी गाडी थांबते त्या ठिकाणी स्वच्छतागृह आणि कडी लागणारी खोली आहे का, हे वरिष्ठांनी स्वतः जाऊन पाहावे. पाणीच कमी पिऊन ड्युटी काढणाऱ्या सहकारी मी पाहिल्या आहेत. हिपॅटायटिस-बीची लस सर्वांना मिळाली आहे ना, आणि सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत व काहीही झाले तरी बहात्तर तासांच्या आत कोठे मिळेल, हे भिंतीवर लिहिलेले असावे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात निपाणीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी सलग राबलेल्या जोड्यांना पाणी ओसरल्यावर लगेच नेहमीच्या पाळीला न लावता दोन दिवसांची सुटी द्यावी.

कर्मचाऱ्यांनीही आपल्या बाजूने नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पीएफ क्रमांक आणि ईएसआय कार्ड यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. ठेकेदार बदलला की हेच कागद उपयोगी पडतात.

मदत केव्हा आणि कशी मागावी

वाईट केसनंतर दोन-चार रात्री झोप न लागणे, तेच दृश्य डोळ्यांसमोर येणे, जेवण न जाणे हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. परंतु महिना उलटला तरी तेच स्वप्न पडत असेल, ठरावीक रस्ता टाळावासा वाटत असेल, झोपेसाठी दारू लागत असेल, किंवा घरात लेकरांवर हात उगारला जात असेल, तर तो आपल्या स्वभावाचा दोष समजू नये व डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार आला तर महिन्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. सहकाऱ्याबद्दल अशी शंका आली तर त्याला सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, आणि त्या रात्री त्याला एकटे सोडू नये.

आमच्याकडे धारवाडचे नाव काढले की घरची माणसे दचकतात. तेथील मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्थेत इतर दवाखान्यांसारखीच ओपीडी चालते, आणि तेथे गेल्याने नोकरीच्या कागदावर काही लागत नाही. तेवढे लांब जायचे नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाता येते. सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा; १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. फोन करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात, कारण पहिल्या मिनिटाला शब्द सुचत नाहीत: त्रास केव्हापासून आहे, झोप किती तास लागते, आणि कामावर जाताना नेमके काय होते. घरात मोकळेपणाने बोलता येत नसेल तर रिकाम्या गाडीत मागच्या बाजूला बसून बोलावे, आणि तेवढा वेळ पायलटने बाहेर उभे राहून कोणाला आत येऊ देऊ नये.